नऊ फुटांची गोधडी आणि सहा फुटांची मोकळी फरशी

वैशाखात डोंबिवलीहून मामीचा फोन आला. "अगं, नातीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर धरलंय. सासूबाईंचं इरकली लुगडं अजून ट्रंकेत पडून आहे. त्याची गोधडी कर तिला. पण छोटी नको हं, दोघांच्या पलंगाला पुरेल अशी कर."

मामीच्या सासूबाई म्हणजे माझी आजी. ते लुगडं मी तिच्या अंगावर पाहिलेलं आहे, त्यामुळे नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. गोधड्या शिवायला लागून मला वीसेक वर्षं झाली. दुपटी, पोरांची पांघरुणं, एकेरी पलंगाच्या गोधड्या पुष्कळ केल्या. दुहेरी पलंगाची मात्र घरात बसून, अंगण नसताना आणि दोन-अडीच माणसांच्या हाताने कधी केली नव्हती. शिवण्याला फारसा त्रास होत नाही. त्रास होतो त्याच्या आधीच्या कामाला: सगळे थर एकावर एक सपाट अंथरायचे आणि ते हलू नयेत म्हणून कच्च्या टाक्यांनी टाचून घ्यायचे. या एका कामात आमचे दोन प्रयत्न वाया गेले आणि तिसरा जमला. तिन्ही कसे झाले ते इथे लिहिते आहे, कारण फ्लॅटमध्ये राहून मोठी गोधडी करणाऱ्या प्रत्येकीची गाडी इथेच अडते.

घर आणि माप

मामीचं डोंबिवलीचं घर वन-बीएचके. हॉल १० बाय १३ फूट, त्यात सोफा, दिवाण आणि टीव्हीचं कपाट. सगळं भिंतीला सरकवलं तरी मोकळी फरशी ६ बाय ७ फुटांपेक्षा जास्त निघत नाही. बेडरूममध्ये पलंग आणि गोदरेजचं कपाट, मधून एक माणूस आडवा चालेल एवढीच वाट. स्वयंपाकघराच्या दारात चार खुर्च्यांचं जेवणाचं टेबल, साडेचार फूट लांब आणि तीन फूट रुंद.

गादी ७२ बाय ७८ इंचांची. दोन्ही बाजूंना ९-९ इंच लोंबायला आणि पायाशी थोडं खोचायला हवं, म्हणून तयार गोधडी ९० बाय १०० इंच धरली. खालचं अस्तर नेहमी वरच्या पदरापेक्षा, म्हणजे वरच्या थरापेक्षा, मोठं घ्यावं लागतं. टाचताना आणि शिवताना ते आत ओढलं जातं आणि कडेला कापड कमी पडलं की मग काही इलाज राहत नाही. चारही बाजूंना ४-४ इंच जास्तीचे धरून अस्तर झालं ९८ बाय १०८ इंच, म्हणजे ८ फूट २ इंच बाय ९ फूट. जमीन आहे ६ बाय ७.

हे १०८ मोठं सोयीचं माप आहे. नऊ वार म्हणजे ३२४ इंच, त्यात १०८ चे बरोबर तीन तुकडे बसतात. सहावारी साडीत दोन. आमच्या बायका लुगड्यांच्याच गोधड्या का करत, त्यात काटकसर होती तसा हा हिशेबही होता. कापड उभं लावलं तर वाया काहीच जात नाही.

लुगडं सुती, काठ तेवढे रेशमी. काठ आधी उसवून, कापून बाजूला काढले. काठाची वीण घट्ट आणि अंगाची सैल, त्यामुळे दोन्ही एकत्र धुतले की काठ आखडून बसतो आणि बाजूचं कापड फुगतं. शिवाय दोन पन्हे (पूर्ण रुंदीचे तुकडे) जोडताना दोन काठ गोधडीच्या मधोमध आले तर तिथे सुई शिरत नाही. काठ गेल्यावर पन्हा उरला ४२ इंच. १०८ चे दोन अख्खे तुकडे आणि तिसऱ्यातून १६ इंचांची उभी पट्टी. दोन जोडांचे दोन इंच वजा जाता अस्तराची रुंदी आली बरोबर ९८. तिसऱ्या तुकड्याच्या टोकाला लुगड्याच्या पदराचा लाल भाग होता, तो मामीने मुद्दाम पायथ्याला येऊ दिला.

मध्ये दोन मऊ सहावारी साड्या, एक मामीची, एक वहिनींची, म्हणजे मामीच्या सुनेची. पहिल्या साडीचे दोन पन्हे शेजारीशेजारी लावले, एकावर एक चढवले नाहीत. कडा नुसत्या भिडवून वरून सैल टाके घातले. दुसऱ्या साडीचा एक पन्हा मधोमध ठेवला आणि दुसरा उभा चिरून अर्धा-अर्धा दोन्ही बाजूंना लावला. त्यामुळे वरच्या आणि खालच्या थराचे जोड एका रेषेत आले नाहीत. जोडावर जोड आला की अंगाखाली दोरीसारखा लागतो. हे दोन्ही थर जेवणाच्या टेबलावर थोडेथोडे सरकवत एका संध्याकाळी विरळ टाक्यांनी एकमेकांना धरवले, म्हणजे पुढे ते एकच थर म्हणून वागले.

वरचा पदर ठिगळांचा: कापलेले काठ, खणांचे तुकडे, आणि मामीने जपून ठेवलेल्या चिंध्या. खणाचा रंग जातो, म्हणून प्रत्येक खण वेगळ्या पाण्यात धुऊन आणि पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहिला. दोन लाल बाद केले.

पहिला डाव: गच्ची

सगळ्यांच्या डोक्यात पहिल्यांदा गच्चीच येते, तशी आमच्याही आली. वैशाखातली सकाळ, सात वाजता वर गेलो. गच्चीवर चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी होती. त्या तुकड्यांच्या मधल्या खाचांत सुईचं टोक अडकतं आणि जुन्या कापडाचा धागा ओढला जातो. ओल्या फडक्याने दोनदा पुसूनही अस्तराला पांढरी धूळ लागली. आठ वाजता वारा सुटला. मामीने एका कोपऱ्यावर वरवंटा आणि दुसऱ्यावर खलबत्ता ठेवला, उरलेल्या दोन्हींवर कुंड्या. पण मधलं कापड शिडासारखं फुगत राहिलं. साडेआठला फरशी तापली, मामीचे गुडघे टेकवेनात. आम्ही गुंडाळून खाली आलो. गच्चीची सोय हिवाळ्यात, वारा पडलेला असताना, खाली सतरंजी घालून होऊ शकेल. उन्हाळ्यात नाही आणि पावसाळ्यात तर प्रश्नच नाही.

सोसायटीचा हॉल मिळत असेल किंवा शाळेचा वर्ग सुट्टीत उघडून देणारं कुणी ओळखीचं असेल, तर पुढचं काही वाचायची गरज नाही. सरळ तिथे अंथरा. आमच्या सोसायटीला हॉल नव्हता.

दुसरा डाव: अर्धी अंथरून अर्धी गुंडाळून

दुसऱ्यांदा हॉलच्याच फरशीवर केलं. अर्धी गोधडी अंथरली, उरलेली अर्धी गुंडाळून सोफ्याखाली सारली. अर्धी टाचून झाल्यावर ती बाजू गुंडाळली आणि दुसरी काढली. वहिनी एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला, चार तास वाकून काम. वरून बघितलं तर आरशासारखी सपाट दिसत होती. आम्ही खूश. मी ती ठाण्याला घेऊन आले आणि धावदोरा घालायला बसले.

सहा-सात दिवसांनी, काठाकडून आत येत येत मधल्या भागाशी पोचल्यावर तळहात खालून फिरवला आणि हाताला ती लागली. अस्तराला बरोबर मध्यावर, जिथे पहिली अर्धी संपून दुसरी सुरू झाली होती तिथे, १४ इंच लांब चुणी. दोन बोटं रुंद कापड दुमडून टाक्यात पक्कं शिवलं गेलं होतं. वरून काही दिसत नाही. पण पांघरल्यावर पाठीला लागणार आणि पहिल्या धुण्यानंतर तिथलं कापड घासून विरणार. सगळं उसवलं. धावदोरा उसवणं शिवण्यापेक्षा जिवावर येतं, विशेषतः आपल्या आजीच्या लुगड्यातून, कारण उसवताना एखादा धागा तुटतोच.

उसवत असताना कारण शोधायला भरपूर वेळ मिळाला.

पहिलं कारण फरशी. घरातली गुळगुळीत टाइल कापडाला धरतच नाही. आजीच्या गावच्या घरी जमीन शेणाने सारवलेली असे, तिच्यावर सुती कापड चिकटल्यासारखं बसे. दुसरं कारण सुई. सपाट जमिनीवर टाका घालताना सुई खाली जाऊन परत वर यावी म्हणून आपण तिच्या टोकाने अस्तर किंचित उचलतो. प्रत्येक टाक्याला ते केसभर आपल्याकडे येतं. एका ओळीत चाळीस-पन्नास टाके. केसभर गुणिले पन्नास केलं की दोन बोटं होतात. खालचं कापड कुठेच बांधलेलं नव्हतं, त्यामुळे ते सगळं ढिलं कापड पुढेपुढे ढकललं जात मध्यावर साठलं आणि गोधडी उलटवताना तिथेच दुमडलं.

तिसरं कारण वरच्या पदरात होतं आणि त्याला जबाबदार मीच. ठिगळांमध्ये काही तुकडे उरेब, म्हणजे तिरके कापलेले होते. उरेब कापड हाताने सारखं करताना ताणलं जातं, सपाट दिसतं, आणि हात काढला की परत आखडतं. म्हणजे वरचा पदर ताणून टाचला गेला आणि अस्तर ढिलं राहिलं.

तेव्हा मला आजीची गोधडी घालायची पद्धत नीट आठवली. मला इतकी वर्षं वाटत होतं की ती टाचतच नसे. ती टाचत होती, पण दोऱ्याने नव्हे. गोधडी अंगणात अंथरली की चार कोपऱ्यांना चार बायका गोधडीवरच मांडी घालून बसत. प्रत्येकीच्या वजनाखाली तिच्या भोवतीचा हातभर भाग दाबलेला असे, आणि शिवता शिवता त्या आत सरकत. चार बायकांचं वजन हीच त्यांची टाचणी. डोंबिवलीत अंगण नव्हतं हे आम्हाला दिसत होतं. चार बायका नाहीत हे ध्यानात आलं नव्हतं. आम्ही दोघी, मामी धरून अडीच. मामीला खाली बसताच येत नाही.

म्हणून प्रश्न नव्याने मांडला. सगळी गोधडी एकदम सपाट दिसायलाच हवी का? टाका ज्या पट्ट्यात पडतो आहे तेवढाच पट्टा सपाट आणि पकडलेला असला तर बाकीची गोधडी कुठेही, कशीही असू दे. गुंडाळलेली असली तरी चालेल, फक्त तिच्या प्रत्येक वेढ्यात ताण सारखा हवा.

फळ्या

गोधडी फळ्यांवर गुंडाळून टेबलावर टाचायची ही पद्धत परदेशातल्या क्विल्ट करणाऱ्या बायकांमध्ये चांगली रुळलेली आहे. मला ती ऐकून माहीत होती, कधी करून पाहिली नव्हती. अस्तर एका फळीवर, वरचा पदर दुसऱ्या फळीवर, आणि टेबलावर फक्त हातभर कापड उलगडायचं.

फळीऐवजी पडद्याची दांडी चालेल असं वहिनींना वाटलं, कारण ती घरातच होती. लावून पाहिली. आठ फुटांवर ती मधे केळ्यासारखी वाकली आणि मधलं कापड ढिलं पडलं. प्लंबिंगचा पीव्हीसी पाइप वाकत नाही, पण तो गोल. टेबलावर आपोआप घरंगळतो आणि नको तेव्हा कापड सोडतो. चपटी फळी ठेवाल तिथे बसते. हा फरक वाचायला किरकोळ वाटेल, पण एकट्या-दुकट्या बाईला काम करायचं तर तोच कामाचा आहे: फळी म्हणजे न बोलता कापड धरून बसलेला तिसरा माणूस.

जवळच्या सुताराकडून पाइनच्या दोन फळ्या करून घेतल्या. ४ इंच रुंद, पाऊण इंच जाड, साडेआठ फूट लांब. साडेआठ फूट लिफ्टमध्ये जात नाही, म्हणून त्याने प्रत्येक फळी दोन तुकड्यांत केली आणि जोडावर लोखंडी पट्टी लावून स्क्रू दिले. फळी सरळ आहे का ते घेण्याआधी बघायचं. एका टोकाला डोळा लावून बघा, किंवा दोन्ही टोकांत दोरा ताणून धरा. मधे उजेड दिसला तर ती फळी नको. कडा काचपेपरने घासून घेतल्या, नाहीतर कूस लागून जुनं कापड फाटतं.

गुंडाळण्याआधी तिन्ही थरांच्या दोन्ही उभ्या कडांवर दर १० इंचांवर खडूने खूण केली. रुंदीच्या मध्यावर एक खूण, आणि फळीच्या मध्यावर पेन्सिलची रेघ. या खुणांसाठी अर्धा तास गेला. पुढे जे वाचलं ते त्यांच्यामुळेच.

अस्तराचं एक टोक फळीला मास्किंग टेपने चिकटवलं, मधली खूण फळीच्या मधल्या रेघेवर. मग फळी उलटी-पालटी करत गुंडाळायची. इथे जागा लागतच नाही, कारण न गुंडाळलेलं कापड दिवाणावर ढीग होऊन पडलं तरी चालतं. वहिनी समोरून कापड हलकेच धरून होत्या, मी फळी फिरवत होते, आणि दर वेढ्याला मामी खुर्चीत बसून तळहाताने कापड मधून दोन्ही कडांकडे सारखं करत होती. ओढायचं नाही, नुसतं सारखं करायचं. मामीचा हात या कामाला आमच्या दोघींपेक्षा चांगला निघाला. तिने तिसऱ्याच वेढ्याला सांगितलं, "थांब, डावीकडे ढिलं येतंय." खुणा पाहिल्या तर डावीकडची पाव इंच मागे होती.

वरचा पदर दुसऱ्या फळीवर तसाच. दोन्ही मिळून दीड तास.

मांडणी अशी. जेवणाचं टेबल आणि त्याला लागून भाचीचं अभ्यासाचं टेबल. ते दीड इंच बुटकं होतं, त्याच्या पायांखाली जुने अंक घालून सारख्या उंचीवर आणलं. दोन्ही मिळून साडेआठ फूट लांब, बसायला एका बाजूला खुर्च्या. अस्तराची फळी टेबलाच्या पलीकडच्या कडेला, तिथून अस्तर उलटी बाजू वर करून आमच्याकडे येणार. टेबलामागे दोन खुर्च्या, त्यांच्यावर मधला थर पंख्यासारख्या घड्या घालून ठेवलेला. तो अस्तराच्या फळीवरून पुढे येणार. सगळ्यात वर पदराची फळी. तिन्ही थरांची टोकं आमच्या बाजूच्या कडेला आणली, मध्यावर मध्य जुळवला, आणि टेबलाच्या कडेला कागद धरायचे मोठे चिमटे लावले. टेबलावर सपाट होतं ते फक्त १४-१५ इंच रुंदीचं कापड. फळी तीनदा उलटली की साधारण तेवढं सुटतं.

टाका

टाचणीसाठी साधा पांढरा सुती दोरा घ्या. रंगीत दोऱ्याचा रंग पाण्यात उतरला तर आजीच्या लुगड्यावर रेघ राहील. पॉलिस्टरही नको, तो तुटत नाही, आणि काढताना कच्चा दोरा पटकन तुटायलाच हवा.

टाका मी तिरका घातला, कोट शिवणारे शिंपी आतला कॅनव्हास बसवताना घालतात तो. सुई उभी, स्वतःच्या दिशेने, इंचभर कापड उचलते. दोरा वर तिरका पडतो. साधा धावदोरा एकाच दिशेला धरतो, हा आडवा आणि उभा दोन्हीकडे धरतो. दोन टाक्यांत दोन इंच, दोन ओळींत मुठीएवढं म्हणजे ४ इंच अंतर. याहून विरळ चालणार नाही, कारण हाताने शिवायला महिना-दोन महिने लागतात आणि तेवढ्या काळात गोधडी शंभरदा घडी होते.

दोऱ्याला गाठ मारायची नाही. एका ओळीसाठी चार मीटर दोरा. सुई ओळीच्या मध्यावर घालायची, निम्मा दोरा तिथे मोकळा सोडायचा, आणि मधून उजव्या कडेपर्यंत टाचत जायचं. मग परत मध्यावर येऊन सोडलेला निम्मा दोरा सुईत ओवायचा आणि डावीकडे जायचं. कुठे ढिलं असेल तर ते दोन्ही वेळा कडेकडे ढकललं जातं, मधे अडकत नाही.

आणि चमचा. हे मला वहिनींनी सुचवलं नसतं तर तिसऱ्यांदाही अस्तर उचललंच गेलं असतं. उजव्या हाताने सुई खाली घालायची. टोक टेबलाला टेकल्याचा बारीक आवाज येतो, तिथेच थांबायचं. डाव्या हातात चहाचा चमचा, त्याची कड कापडावर दाबून धरायची. सुई पुढे सरकवली की टोक वर येऊन चमच्याच्या कडेवर चढतं, आणि चमचा किंचित वळवला की सुई स्वतःहून दोन बोटं बाहेर येते. बोटाने अस्तर वर उचलावं लागत नाही. बोटाचं टोकही शाबूत राहतं. गच्चीनंतरच्या त्या चार तासांत माझ्या तर्जनीची चाळण झाली होती. स्टीलचा साधा, पातळ कडेचा चमचा हवा. जाड कडेच्या चमच्यावर सुई चढत नाही.

चार ओळी झाल्या की चिमटे काढायचे, टाचलेला भाग आपल्या मांडीवर ओढून घ्यायचा, दोन्ही फळ्या तीनदा उलटायच्या, मधला थर मागच्या खुर्चीवरून सोडायचा, हात फिरवायचा, पुन्हा चिमटे. दोन्ही फळ्या सारख्या वेळा उलटल्या म्हणून सारखं कापड सुटेल असं मात्र नाही. वरच्या पदराला ठिगळांचे जोड, त्यामुळे त्याची गुंडाळी जाड आणि एका उलटीला ती जास्त कापड सोडते. म्हणून उलट्या मोजायच्या नाहीत, खडूच्या खुणा जुळवायच्या. तिसऱ्या खेपेला पदराची खूण अर्धा इंच पुढे गेली होती. वहिनी म्हणाल्या, "ताई, अर्ध्या इंचाने काय होतंय?" अर्ध्या इंचावर सोडलं असतं तर सातव्या खेपेपर्यंत दोन-तीन इंच झालं असतं. एक ओळ काढून टाकली, पदर मागे घेतला, पुन्हा घातली.

एकूण सात खेपा, पंचवीस ओळी, शंभर मीटरचं रीळ संपून दुसऱ्याला हात लागला. एका खेपेला पाऊण तास. पण सलग बसावं लागलं नाही, आणि ज्या घरात त्याच टेबलावर जेवायचं असतं तिथे याला फार किंमत आहे. पहिल्या संध्याकाळी तीन खेपा झाल्यावर सगळं फळ्यांसकट गुंडाळलं, वरून ओढणी बांधली आणि कपाटामागे उभं केलं. पुढच्या दोन संध्याकाळी उरलेल्या चार. पाऊस बाहेर कोसळत होता, आमचं काही अडलं नाही.

सेफ्टीपिना का नाही लावल्या असं कुणी विचारेल. चार-चार इंचांवर या मापाला साडेपाचशे पिना लागतात. तेवढ्या पिनांसकट गोधडी मांडीवर घेऊन हाताने शिवणं जड होतं, प्रत्येक टाक्याला दोरा कुठल्या तरी पिनेत अडकतो, आणि श्रावणाच्या दमट हवेत एखादी पिन जरी गंजली तरी तो डाग जात नाही. मशीनवर आठ दिवसांत संपवणार असाल तर पिना चांगल्या. चिकटवायचा स्प्रेही मिळतो. बंद फ्लॅटमध्ये तो वास म्हाताऱ्या माणसाने सोसावा असं मला वाटत नाही, आणि विरलेल्या सुती कापडावर मी तो मारणार नाही.

काठापासून की मधून

टाचून झाल्यावर मामीचं आणि माझं थोडं वाजलं. तिचं म्हणणं, गोधडी काठापासूनच सुरू करायची, गोल गोल फिरत आत यायचं, रीत तीच. मी म्हटलं, हल्ली सगळ्या मधून सुरू करतात, म्हणजे ढिलं कापड बाहेर जातं. ती म्हणाली, "ढिलं ठेवलंयस का तू? मग?"

तिचं बरोबर होतं. काठाकडून आत येताना जे साठतं ते टाचणीतलं ढिलेपण असतं. टाचणी मुठीमुठीवर पक्की असेल तर ते हलायला जागाच नाही. काठापासून सुरू केलं. फक्त दर चार फेऱ्यांनी खालून तळहात फिरवायचा हा नियम मी स्वतःला घातला आणि आळस आला तरी मोडला नाही. धावदोऱ्याच्या ओळींत बोटभर अंतर. फेरी जसजशी आत येते तसतसा तेवढ्या भागातला कच्चा दोरा काढायचा. सगळा आधी काढायचा नाही आणि सगळा शेवटपर्यंत ठेवायचाही नाही, कारण पक्क्या टाक्यांखाली दबलेला कच्चा दोरा मग तुकड्यातुकड्याने ओढावा लागतो. आषाढ, श्रावण आणि निम्मा भाद्रपद गेला. गणपतीचे दहा दिवस हात लावला नाही. कडेला इरकली काठाचाच गोट लावला.

पाण्यातून काढल्यावर

नवरात्राच्या आधी ती बादलीत थंड पाण्यात भिजवली, न पिळता निथळू दिली आणि बाल्कनीतल्या दोन दांड्यांवर पसरून वाळवली. एका दांडीवर टाकली तर ओल्या वजनाने मधे ताणली जाते. वाळल्यावर मापली. ९० बाय १०० ची ८८ बाय ९८ झाली. मऊ पडलेलं कापड फारसं आटत नाही, पण टाक्यांनी थोडं ओढून घेतलंच. मग दिवाणावर उलटी टाकून आम्ही तिघींनी तीन बाजूंनी खालून हात फिरवत नेले. मधे कुठेही चुणी नाही.

एका जागी मात्र आहे. पायथ्याच्या उजव्या कोपऱ्यात, लुगड्याच्या पदराच्या लाल तुकड्याजवळ, तीन इंचांचा फुगा. शेवटच्या खेपेला फळीवरचं कापड संपलं, टेप सोडवला आणि ते टोक कुणीच धरलेलं नव्हतं. शेवटच्या दोन ओळी मी मोकळ्या कापडावर घातल्या. पुढच्या वेळी अस्तराच्या आणि पदराच्या दोन्ही टोकांना हातभर जुन्या चादरीचे पट्टे जोडून घेणार आहे, म्हणजे शेवटची ओळ पडेपर्यंत टोक फळीवरच गुंडाळलेलं राहील. फळ्या वहिनींनी कपाटामागे ठेवल्या आहेत, स्क्रू काढून दोऱ्याने बांधलेल्या, बरोबर तो चमचाही.